मे महिन्यातल्या खोलीसाठी रेडिएटर

चि. अद्वैत,


पाण्यावर थंड होणाऱ्या कॉम्प्युटरसाठीची तुझी यादी मिळाली. आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्ड, रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर, डी५ पंप, लियान लीचं ओ११ डायनॅमिक कॅबिनेट, आणि शेवटच्या ओळीत '३६० चा ६० मिमी जाड रेडिएटर, दोन्ही बाजूंनी पंखे. पुरेल ना गं मावशी?' नाही पुरणार. फोनवर दोन मिनिटांत तसं सांगून मोकळी झाले असते, पण तुझ्यासारखी अ‍ॅनिमेशन करणारी, स्वतःचं मशीन स्वतः जोडणारी कितीतरी मुलं आता याच प्रश्नाशी येऊन थांबतात. म्हणून हे पत्र उघडंच लिहिते. तू वाच, तुझ्या मित्रांनाही वाचायला दे.

तुला माहीत आहे, माझी सगळी नोकरी भोसरीला ट्रकचे आणि जनरेटरचे रेडिएटर बनवण्यात गेली. आमच्याकडे गिऱ्हाईक आलं की दोन प्रश्न आधी विचारले जायचे. उष्णता किती किलोवॅट? आणि यंत्र चालणार कुठे? एकाच इंजिनाचा जनसेट महाबळेश्वरला जाणार असेल तर रेडिएटर एक, आणि जैसलमेरला जाणार असेल तर दुसरा. तुझ्या यादीत पंख्यांच्या दिव्यांचा रंगसुद्धा लिहिलेला आहे, पण खोली नागपुरात आहे, वरच्या मजल्यावर आहे आणि डोक्यावर थेट स्लॅब आहे, याचा कुठे उल्लेख नाही. त्या खोलीत मी मे महिन्यात राहिलेली आहे. मला आकार ठरवायचा असता तर मी तिथूनच सुरुवात केली असती.

आधी उष्णतेचा हिशोब. ४०९० ची कंपनीने ठरवलेली मर्यादा ४५० वॅट. ७९५०एक्स वर १७० वॅट छापलेलं असतं, पण तो प्रत्यक्षात २३० वॅटपर्यंत ओढतो. वर पंपाचे वीसेक वॅट. बेरीज ७०० वॅट. गेम खेळणाऱ्याचं मशीन या आकड्याला क्वचित शिवतं. दृश्य बदलतं, मेन्यू उघडतो, मध्ये मशीनला उसंत मिळते. तुझं तसं नाही. तू रात्री अकराला ब्लेंडरमध्ये रेंडर लावतोस आणि सकाळी सातला उठून बघतोस. लूपमधलं, म्हणजे पंप, नळ्या आणि रेडिएटर यांच्या बंद चक्रातलं, पाणी तापून स्थिर व्हायला फार तर अर्धा-पाऊण तास लागतो. त्यानंतर रात्रभर ते त्याच तापमानाला उभं असतं. म्हणून तुझ्यासाठी सरासरीचा हिशोब चालणार नाही, सलग भाराचाच करावा लागेल.

यातच पहिली काटकसर आहे आणि तिला एक रुपया लागत नाही. एएमडीने या प्रोसेसरला इको मोड दिलेला आहे. १०५ वॅटचा इको मोड लावलास की प्रोसेसर १४२ वॅटच्या वर जात नाही, आणि तुझ्या कामात तो फरक तुला जाणवणारसुद्धा नाही, कारण रेंडरचं ओझं ग्राफिक्स कार्ड वाहतं. कार्डाची मर्यादाही ४५० वरून ३५० वर आणून बघ. वेग थोडकाच उतरतो, उष्णता मात्र शंभर वॅटने उतरते. तरीही रेडिएटर निवडताना मी ४५० आणि १४२ धरूनच चालते, म्हणजे गोळाबेरीज ६०० वॅट. घाईच्या रात्री तू मर्यादा परत वर नेशील, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आता तापमान कुठून कुठे चढतं ते बघ. चिपचं तापमान तीन टप्प्यांत बनतं. पहिला टप्पा खोलीची हवा. दुसरा, त्या हवेपेक्षा पाणी किती गरम. तिसरा, त्या पाण्यापेक्षा चिप किती गरम. रेडिएटरच्या हातात फक्त मधला टप्पा असतो. पहिला टप्पा नागपूरच्या हातात, तिसरा चिपवर बसून तिची उष्णता पाण्यात देणाऱ्या वॉटर ब्लॉकच्या आणि चिपच्या घडणीच्या हातात. ४०९० चा सिलिकॉनचा तुकडा सुमारे ६०८ चौरस मिमीचा आहे आणि ब्लॉक थेट त्याच्यावर बसतो, त्यामुळे एवढे वॅट असूनही त्याचा गाभा पाण्यापेक्षा पंधराएक अंशांनीच वर राहतो. ७९५०एक्स मध्ये गणित करणारे दोन तुकडे आहेत, प्रत्येकी जेमतेम ७० चौरस मिमीचे, आणि त्यांच्यावर जाड झाकण. पूर्ण भाराला तो पाण्यापेक्षा चाळीस-पन्नास अंश वर जातो. पुष्कळ लोक भलामोठा रेडिएटर लावतात आणि प्रोसेसर तरीही ८५-९० दाखवतो म्हणून हिरमुसतात. रेडिएटरने त्याचं काम केलेलं असतं; उरलेली चढण त्याच्या ताब्यातली नसते. हा प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालवण्यासाठीच बनवलेला आहे, त्यामुळे त्या आकड्याकडे बघून झोप उडवू नकोस. लक्ष ठेवायचं ते पाण्याच्या तापमानावर. डी५ पंपाला ६० अंशांच्या वरचं पाणी चालत नाही, आणि पीईटीजीच्या कडक नळ्यांनाही तेवढीच मर्यादा धरायची. मी स्वतः ५० च्या वर जाऊ देणार नाही.

म्हणून मधला टप्पा. इथे जरा सावकाश वाच, कारण सगळा निर्णय यावर आहे.

पाण्याची काळजी नको. मिनिटाला १ लिटर पाणी फिरलं की अंशामागे ७० वॅट उष्णता वाहून नेतं. तुझा पंप सहज मिनिटाला ४ लिटर फिरवेल, म्हणजे ६०० वॅट घेऊनही संपूर्ण चकरेत पाणी जेमतेम दोन अंशांनी तापेल. यातून आणखी एक गोष्ट कळते: आधी प्रोसेसर की आधी कार्ड, रेडिएटर मध्ये की शेवटी, या क्रमाने काहीही बिघडत नाही. नळ्या जिथून सोप्या जातील तिथून ने.

अडचण हवेची असते. पंख्याच्या खोक्यावर ६० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ६० घनफूट हवा, लिहिलेलं असेल तर तो आकडा मोकळ्या हवेतला. पुढे रेडिएटर आला की त्यातलं निम्मंच पदरात पडतं. १२० मिमीच्या एका पंख्यातून, कानाला सोसेल अशा वेगात, ३० सीएफएम हवा रेडिएटरच्या कोअरमधून, म्हणजे नळ्या आणि पातळ पट्ट्यांच्या (फिन्सच्या) गाभ्यातून, जाते असं धर. म्हणजे सेकंदाला साधारण १४ लिटर. उन्हाळ्यातली एक लिटर हवा एका अंशाने तापायला १.१५ ज्यूल घेते. म्हणजे एक पंखा अंशामागे १६ वॅट बाहेर नेतो. ३६० च्या रेडिएटरवर तीन पंखे, ४८ वॅट. त्यांच्यातून ६०० वॅट बाहेर काढायचे तर हवेला साडेबारा अंशांनी तापावंच लागेल. आणि हवा पाण्यापेक्षा जास्त गरम होऊन बाहेर पडू शकत नाही. म्हणजे जगातला सर्वांत उत्तम रेडिएटर आणला, तरी तीन पंख्यांवर तुझं पाणी खोलीपेक्षा साडेबारा अंशांच्या खाली येणार नाही. प्रत्यक्षातला रेडिएटर तेवढा उत्तम नसतो, तेव्हा सतरा-अठरा धर.

खोली ३६ अंशांवर असेल तर पाणी ५४. माझ्या मर्यादेच्या चार अंश वर, पंपाच्या मर्यादेला सहा अंश बाकी. त्यात फिन्सवर धूळ बसली, एखादा पंखा मंदावला, की संपलं.

आता तेच दोन ३६० रेडिएटर लाव. पंखे सहा, अंशामागे ९६ वॅट, हवा सव्वासहा अंशांनी तापणार, पाणी खोलीपेक्षा नऊ अंश वर. ३६ आणि ९, पाणी ४५. एका फटक्यात नऊ अंश उतरले. तिसरा ३६० लावलास आणि त्याला स्वतःची ताजी हवा मिळाली, तर पाणी खोलीपेक्षा सहा अंश वर, म्हणजे ४२. दुसऱ्याने नऊ अंश दिले, तिसरा तीन देतो. चौथा दीडच देईल. पैसे मात्र प्रत्येकाला तेवढेच. म्हणून मी दोनवर थांबते.

तुझा ६० मिमीचा जाड रेडिएटर यात कुठे बसतो? वरच्या हिशोबात जाडीला जागाच नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. हवा कोअरच्या पहिल्या ३० मिमीमध्येच बरीचशी तापलेली असते. पुढच्या ३० मिमीला ती पोचते तेव्हा पाणी आणि हवा यांच्यात उरलेला फरक थोडका असतो, मग देवाणघेवाण कशाची होणार? जाड कोअर कामाला येतो तो हवा जोरात असेल तेव्हा. आमच्या ट्रकला जाड कोअर चालतो कारण पुढून वारा आणि मागून इंजिनचा पंखा असतो. तुझ्या टेबलावर मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांचा पंखा आहे. दोन्ही बाजूंनी पंखे लावून हवा दुप्पट होत नाही. दाट, जाड कोअरमध्ये थोडी वाढते, एवढंच. सहा पंखे घ्यायचेच आहेत तर ते दोन पातळ रेडिएटरांवर पसरव. ३० मिमीचे दोन, ६० मिमीच्या एकापेक्षा शांत मशीनमध्ये केव्हाही सरस.

दुकानात आकार लांबीवरून सांगतात, त्यातही एक गफलत होते. ३६० म्हणजे १२० मिमीचे तीन पंखे एका ओळीत, २८० म्हणजे १४० मिमीचे दोन. नुसत्या आकड्यावरून २८० हा २४० पेक्षा किंचितच मोठा वाटतो. क्षेत्रफळ काढ: २४० चं २८,८०० चौरस मिमी, २८० चं ३९,२००, ३६० चं ४३,२००. म्हणजे २८० हा जवळजवळ ३६० च्या पंक्तीला बसतो, आणि ४२० तर चार पंख्यांच्या ४८० पेक्षाही कणभर मोठा. तुझ्या कॅबिनेटला ३६० सोयीचे आहेत म्हणून तुझ्यापुरतं ३६० च. पण तुझ्या मित्रांपैकी कुणाचं कॅबिनेट १४० चे पंखे घेत असेल, तर त्याने तेच घ्यावेत.

आवाजाबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण त्या मशीनशेजारी झोपणारा तूच आहेस. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. पंख्यांची संख्या दुप्पट केली तर तो ३ डेसिबलनेच वाढतो. सोळाशे फेऱ्यांवर किंचाळणारे तीन पंखे आणि आठशे फेऱ्यांवरचे सहा, हवा जवळपास सारखीच. आवाजात १२ डेसिबलचं अंतर. पैसे मोठ्या रेडिएटरवर का घालायचे, तर या १२ डेसिबलसाठी. थंडावा त्याच्या जोडीने येतो.

आता ज्या गोष्टीवर मी तुझ्याशी भांडायला तयार आहे ती. ओ११ डायनॅमिक मध्ये ३६० च्या तीन जागा आहेत: तळाशी, बाजूला आणि छताला. जागा दिसली की भरावीशी वाटते. छताची भरू नकोस. तळाचा आणि बाजूचा रेडिएटर बाहेरची ताजी हवा आत ओढू देत. ती हवा आत येईपर्यंत सहा अंशांनी तापलेली असेल, म्हणजे कॅबिनेटच्या आत ४२. छताला रेडिएटर लावून तीच हवा त्यातून बाहेर काढलीस, तर ४५ अंशांचं पाणी निववायला त्याच्या वाट्याला ४२ अंशांची हवा येते. तीन अंशांच्या फरकावर तो करणार काय? उलट बाहेर जाणाऱ्या हवेची वाट अडवतो आणि पहिल्या दोघांचंही काम मंदावतं. छताला नुसते तीन पंखे लाव, बाहेर फेकणारे. तीन रेडिएटर भरलेल्या मशीनची छायाचित्रं फार देखणी असतात. त्यातला तिसरा बहुतेक वेळा शोभेचा असतो.

याच कारणाने मशीन टेबलाखाली, भिंतीला चिकटून, कोपऱ्यात ठेवू नकोस. 'खोलीचं तापमान' म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात दिसतं ते नव्हे. रेडिएटरच्या तोंडाशी असलेल्या हवेचं तापमान. कोपऱ्यात फेकलेली गरम हवा फिरून तळातून परत आत शिरली, तर तुझे सगळे हिशोब पाच अंशांनी चुकतात. तळाचा रेडिएटर जमिनीवरून हवा घेणार, म्हणून कॅबिनेटखाली निदान चार बोटं मोकळी ठेव.

नागपूरची धूळ आणि नागपूरचा कूलर, या दोन गोष्टी परदेशी माहितीपुस्तकांत मिळणार नाहीत. रेडिएटरच्या वर्णनात एफपीआय असा आकडा असतो, एका इंचात किती फिन्स. हार्डवेअर लॅब्ज या फिलिपिन्सच्या कंपनीच्या पातळ जीटीएस मध्ये १६ आहेत, स्लोव्हेनियाच्या ईके च्या पातळ एसई मध्ये २२. जास्त फिन्स म्हणजे जास्त पृष्ठभाग, पण हवेला जास्त अडथळा आणि धुळीला जास्त पकड. रेडिएटर हातात आला की खिडकीच्या उजेडासमोर तिरका धरून बघ. चपट्या नळ्या, त्यांच्यामध्ये तांब्याची कागदाहून पातळ पट्टी नागमोडी घडी घालून बसवलेली. काही कोअरमध्ये त्या पट्टीला बारीक तिरपे काप दिलेले असतात, त्यांना आम्ही लूव्हर म्हणतो. त्या कापांनी हवेचा चिकटून राहणारा थर सतत तुटतो आणि उष्णता जास्त निघते. ट्रकला ते हवेतच. पण त्याच कापांत कापसाचा बारीक तंतू आणि माती अडकली, की ब्रशने निघत नाही. तुझ्या खोलीसाठी १६ च्या आसपास फिन्सचा, साध्या पट्टीचा कोअर घे. महिन्यातून एकदा हवा ज्या दिशेने येते त्याच्या उलट दिशेने ब्लोअर मार, पंखा बोटाने धरून, नाहीतर तो उलटा भिरभिरतो आणि बेअरिंग जातं.

कूलरचं असं. कूलर चालू असेल आणि समोरची खिडकी उघडी असेल, तर बाहेर ४५ असतानाही तुझी खोली ३०-३२ वर येते. मशीनला ते वरदान आहे. दमट हवेने रेडिएटरवर दव धरेल ही भीती मनातून काढून टाक. या लूपमधलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा नेहमी गरमच असतं, आणि गरम वस्तूवर दव धरत नाही. पण कूलरचं तोंड थेट मशीनकडे ठेवू नकोस. पॅडमधून बारीक तुषार उडतात, त्यात बोअरचे क्षार असतात, आणि ते आधी फिन्सवर आणि मग मदरबोर्डवर पांढरे बसतात. आणि पहाटे टाकीतलं पाणी संपून कूलर नुसती गरम हवा फेकत राहतो, तेव्हाही तुझं रेंडर चालूच असतं. म्हणून मी खोली ३२ न धरता ३६ धरली.

तुझ्या खोलीत पूर्ण भाराला ७०० वॅटपर्यंत उष्णता रात्रभर ओतली जाणार आहे, हेही समजून घे. रेडिएटर उष्णता संपवत नाही, मशीनमधून काढून खोलीत टाकतो. एक टनाचा एसी ३५१७ वॅट उष्णता बाहेर काढतो. त्याचा पाचवा हिस्सा तुझं मशीनच खाईल. पुढेमागे एसी घेशील तेव्हा हे वॅट त्याच्या आकारात धर. जर्मनीतल्या वॉटरकूल कंपनीचा मो-रा नावाचा बाहेर ठेवायचा रेडिएटर आहे, त्याच्या एका प्रकाराला १४० मिमीचे नऊ पंखे बसतात. तिकडचे हौशी लोक तो हिवाळ्यात खिडकीबाहेर ठेवतात. तुझ्या मनात तो गच्चीवर ठेवायचं येईल. नागपूरची मेमधली गच्ची दुपारी तुझ्या खोलीपेक्षा दहा अंशांनी गरम असते. तेव्हा तिथे ठेवलेल्या रेडिएटरमध्ये पाणी तापेल, निवणार नाही.

धातूबद्दल थोडक्यात, पण यात सूट नाही. तुझे वॉटर ब्लॉक तांब्याचे आहेत. रेडिएटरही तांब्या-पितळेचाच हवा. स्वस्तातले बरेच रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे असतात, आणि तांबं व अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं. विक्रेत्याने धातू लिहून दिला नाही तर घेऊ नकोस. हातात घेतल्यावर वजनावरूनही कळतं, तांब्याचा चांगलाच जड लागतो. नवा रेडिएटर आतून डिस्टिल्ड पाण्याने पुनःपुन्हा खळखळून घे, डाखकामाचा फ्लक्स आत उरलेला असतो. आणि पंख्याचे स्क्रू. पंखा २५ मिमीचा असेल तर ३० मिमीचा स्क्रू पुरतो. त्याहून लांब स्क्रू काही रेडिएटरांत थेट पाण्याच्या नळीत घुसतो. प्रत्येक भोकाखाली आडवी पट्टी आहे का ते आधी बघ.

जागेचं माप कागदावर काढ. ३६० चा रेडिएटर ३६० मिमी लांब नसतो. दोन्ही टोकांच्या टाक्या धरून तो ४०० मिमीच्या आसपास जातो. जाडी ३० आणि पंखा २५, मिळून ५५ मिमी. तळाला तेवढं बसवल्यावर मदरबोर्डच्या खालच्या कडेच्या पिनांना हात पोचत नाही, तेव्हा त्या वायरी आधी जोडून घे.

हे सगळं लिहिताना मला फार आनंद होतो आहे, आणि तो तुला कळावा असं वाटतं. २००० च्या सुमारास ज्या हौशी मुलांनी घरच्या कॉम्प्युटरला पाणी फिरवायला सुरुवात केली, त्यांच्यासाठी बाजारात वेगळे रेडिएटर जवळपास नव्हतेच. अमेरिकेतल्या मुलांनी जुन्या गाड्यांचे हीटर कोअर काढले; १९७७ च्या पाँटिअ‍ॅक बॉनव्हिलचा हीटर कोअर तर त्यांच्यात नावाजलेला होता, कारण तो दोन पंख्यांमागे चपखल बसायचा. २००४ मध्ये अ‍ॅपलने पॉवर मॅक जी५ पाण्यावर थंड केला, तेव्हा ती यंत्रणाही मोटारीचे भाग बनवणाऱ्या डेल्फायकडून घेतली. माझ्या कारखान्यात जे काम टनावारी व्हायचं तेच तू टेबलावर करतो आहेस. नियम तेच आहेत.

तेव्हा माझा निवाडा असा. ३० मिमी जाडीचे, तांब्याचे, १६ एफपीआयचे दोन ३६०. एक तळाला, एक बाजूला, दोन्ही हवा आत ओढणारे. छताला फक्त पंखे. प्रोसेसर इको मोडवर. लूपमध्ये पाण्याचं तापमान दाखवणारा सेन्सर आणि बाजूच्या पंख्यांच्या तोंडाशी हवेचा एक सेन्सर. पंख्यांचा वेग या दोघांमधल्या फरकावर लाव, प्रोसेसरच्या तापमानावर लावू नकोस, नाहीतर ते दर दोन सेकंदांनी वर-खाली होत राहतील. फरक दहा अंशांच्या आत राहिला तर सगळं ठीक आहे.

ऑर्डर देण्याआधी एक काम कर. साधा थर्मामीटर टेबलाजवळ, मशीन ठेवणार त्या उंचीवर टांग, आणि कूलर लावून व कूलर बंद करून, दोन्ही वेळचे पहाटे चारचे आकडे मला पाठव. ३६ च्या वर आले तर आपण पुन्हा हिशोब करू.



तुझी,
मावशी